दोन चंडोल आणि एक लाल चिठ्ठी

सर,

आपले चंडोल उद्या मुंबईला निघतील. दोन्ही. खरं तर लाल चिठ्ठीवाला एकटाच जायचा होता, तसं ठरलंही होतं, पण मी दोघांना एका पेटीत घातलं आहे, आणि त्याचं कारण तुम्हाला सांगितल्याशिवाय मला पेटीचं झाकण लावता येईना. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की विभागात तुम्हाला पाहिलेलं आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. तरीही पक्ष्यांचं कपाट उघडण्याआधी मी अजून हात कोरडे आहेत ना ते बघते. तुम्ही मागे उभे आहात असंच वाटतं. निवृत्तीला आलेल्या बाईने असं घाबरणं बरं दिसत नाही, पण सवय जात नाही.

या वर्षी आपल्या कॉलेजच्या, कापूस भरून ठेवलेल्या पक्ष्यांच्या संग्रहाची पुन्हा नीट नोंद करायचं काम निघालं. एकेक पक्षी बाहेर काढायचा, मापं घ्यायची, चारी बाजूंनी फोटो काढायचे, पायातली चिठ्ठी जशीच्या तशी उतरवायची आणि सगळं संगणकात भरायचं. मदतीला मुंबईच्या एका संग्रहालयातून एक मुलगी आली होती. हुशार, कामाला वाघ आणि बोलायला फटकळ. चंडोलाच्या पायातली लाल चिठ्ठी पाहिली आणि ती खुर्चीतून उठलीच. "मॅडम, हा टाइप आहे? आणि तो इथे, डांबराच्या गोळ्यांत?" मला राग आला, पण तिचं चुकीचं नव्हतं. समुद्राचं वारं, चार महिने पाऊस, भिंतीला ओल. असा पक्षी थंड, कोरड्या खोलीत हवा. त्यांच्याकडे तशी खोली आहे. प्राचार्यांनी लगेच होकार दिला आणि मलाही हायसं वाटलं. माझ्यानंतर इथे कोण बघणार होतं त्याच्याकडे?

टाइप म्हणजे काय ते तुम्ही आम्हाला सांगितलंत तो तास मला आठवतो. मी पालीहून एसटीने येत असे, पहिल्या तासाला हटकून उशीर व्हायचा, आणि त्या दिवशीही दारातच उभी आहे. तुम्ही दोन हातांनी लाकडी तबक धरून सांगताहात: आरे-वारेच्या वाटेवरच्या सड्यावर, उघड्या कातळावर, फार पूर्वी एका अभ्यासकाने हे चंडोल टिपले. इतर चंडोलांहून हे वेगळे आहेत असं त्याला वाटलं, म्हणून त्याने त्यांतल्या एकाचं वर्णन लिहिलं आणि त्याला नवं नाव दिलं. उद्या कोणी म्हणालं की हे नाव नेमकं कोणाचं, तर बोट दाखवायला जगात हा एकच पक्षी आहे. "हा गेला तर नाव उघड्यावर पडलं," तुम्ही म्हणालात. मग मला म्हणालात, "ये आत. उशीर झालाय तो झालाय, आता हात न लावता बघ." तबकात दोन चंडोल होते. एकाच दिवशी, एकाच सड्यावर मारलेले, अगदी सारखे. एकाच्या पायात टाइपची लाल चिठ्ठी, दुसऱ्याच्या साधी पांढरी. कधीही टाइप दाखवायचा म्हटलं की तुम्ही दोघांनाही बाहेर काढायचात. "हे दोघं एकत्र राहू देत," हे तुमचं पालुपद. आम्ही पोरी त्यांना नवरा-बायको म्हणायचो. दोघेही नर आहेत हे कळल्यावर भाऊ म्हणायला लागलो. म्हाताऱ्या माणसाची माया, एवढंच तेव्हा वाटलं.

आणि तो दुसरा दिवस. एका धनेशाच्या पायातली चिठ्ठी दोरा पिळून उलटी झाली होती, वाचता येत नव्हती. मी गाठ सोडली, चिठ्ठी टेबलावर सरळ केली आणि उतरवून घेऊ लागले. लगेच परत बांधणारच होते. तुम्ही आत आलात. तुमचा तो आवाज त्याआधी मी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. "कोणाला विचारून सोडलीस? कोणाला विचारून?" सगळा वर्ग उभा राहिला. मी म्हणाले, सर, टेबलावर एकच तर पक्षी आहे. "आज एक आहे! हात चुकायला वेळ लागत नाही. पक्ष्याला बोलता येत नाही गो, तो काय सांगणार आहे तुला मी कोण ते?" एवढ्याशा गाठीसाठी एवढा संताप कशाला, हे मला समजलं नाही. त्या दिवशी मी मांडवीला जाऊन जेट्टीवर बसले आणि पोटभर रडले. तुमचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं हे लक्षात आल्यावर उठून स्टँडवर गेले.

त्याच घरी पुढे मी किती वेळा आले. आषाढात कॉलेजच्या कपाटांत बुरशी धरायची म्हणून तुम्ही जुने पक्षी पेटीत घालून घरी न्यायचात. मागच्या पडवीत आंघोळीच्या पाण्याची चूल, तिच्यावर उंच टांगलेली बांबूची चौकट, आणि तिच्यावर मऊ जुन्या धोतराच्या तुकड्यांत गुंडाळलेले पक्षी, पाय तेवढे बाहेर. खाली नारळाची सोडणं धुमसत असायची. स्वयंपाकघरात काकूंनी त्यांना येऊ दिलं नाही, ते बरंच केलं. जुन्या कातड्यांना किडीसाठी सोमल, म्हणजे विषच, चोळलेला असतो. काकू मला चहा देता देता म्हणायच्या, "लोकांकडे पावसात चुलीवर सुके बांगडे असतात गो, आमच्याकडे सुके चंडोल. बांगडे निदान पोटात तरी जातात." तुम्ही गालात हसायचात. प्रत्येक पक्ष्याच्या पायाला मेणकागदाची घट्ट पुडी बांधलेली, आत चिठ्ठी. धुराने कागद काळा पडू नये म्हणून. मी म्हटलं, सर, एवढा खटाटोप? त्यापेक्षा चिठ्ठ्या काढून डब्यात ठेवल्या तर? काकू पटकन म्हणाल्या, "पहिल्या वर्षी काय झालं ते सांगा की तिला." तुम्ही चुलीत सोडण सरकवलंत आणि म्हणालात, "तिची एसटी चुकेल." मी उठले. छत्री घेतली आणि निघाले. विचारायला हवं होतं असं तेव्हा मनात आलंही नाही.

आता भिंगाचं सांगते. मला विभागात नोकरी लागली त्या दिवशी तुम्ही तुमचं पितळी भिंग माझ्या हातात ठेवलंत. "डोळ्यांवर फार विश्वास ठेवू नकोस," एवढंच बोललात. ते अजून माझ्या पर्समध्ये असतं. टाइपच्या पायाचा जवळून फोटो हवा होता, म्हणून मी गाठ न सोडता दोरा फक्त कणभर वर सरकवला आणि भिंग लावलं. पाय काजळीने काळा असणार हे माहीतच होतं. पण दोऱ्याखाली कातडी स्वच्छ असायला हवी होती ना, सर? दोरा कायम तिथेच असता तर धूर त्याच्याखाली शिरला नसता. दोऱ्याखालीही तीच काजळी होती. मग मी दुसरा चंडोल घेतला. तेच. धनेश, घुबड, तांबट, सगळे जुने पक्षी घेतले. सगळ्यांचं तेच.

म्हणजे काकू म्हणाल्या त्या पहिल्या वर्षी तुम्ही चिठ्ठ्या सोडून डब्यात ठेवल्या होत्या. पावसाळा संपल्यावर परत बांधल्या. धनेशाची चिठ्ठी घुबडाला कोण बांधेल? तिथे काही बिघडलं नाही. पण त्या दोघांपाशी तुमचा हात थांबला असेल. एका तळहातावर लाल चिठ्ठी, एका तळहातावर पांढरी, आणि समोर दोन सारखे चंडोल. मी खुर्चीत बसूनच राहिले. तुमचा फार राग आला. चिठ्ठी पायातून सोडायची नाही, हा नियम तेव्हा सगळ्या कॉलेजात फक्त तुम्हाला ठाऊक, आणि तो तुम्हीच मोडावा? मग तो धनेशाचा दिवस आठवला, तुमचा तो आवाज आठवला, आणि राग टिकेना. तुम्ही माझ्यावर ओरडत नव्हताच. आणि हेही खरं की त्या चुलीवर नेले नसते तर आज नोंद करायला एक पक्षी शिल्लक राहिला नसता, बुरशीने आणि कसरीने कपाटं केव्हाच रिकामी केली असती. कदाचित लाल चिठ्ठी योग्य पायातच आहे. तुम्हालाही खात्री नव्हती, म्हणूनच आयुष्यभर दोघांना एका तबकात ठेवलंत. एकत्र असेपर्यंत टाइप हरवलेला नाही, एवढंच हातात होतं आणि तेवढं तुम्ही शेवटपर्यंत सांभाळलंत. मला मात्र तुम्ही सांगायला हवं होतं. मी कोणाला सांगितलं असतं?

मी गप्प बसले असते तर लाल चिठ्ठीवाला मुंबईला गेला असता, दुसरा इथे कपाटात राहिला असता, आणि माझ्यानंतर एखाद्या पावसाळ्यात त्याला कसर लागली असती. तो खरा असला तर? म्हणून मी मुलीला काजळी दाखवली आणि पावसाळ्यात पक्षी धुरावर सुकवायचे ते सांगितलं. तिने एकाच्या दोऱ्याखाली बघितलं, मग दुसऱ्याच्या, आणि म्हणाली, "दोन्ही न्यायला हवेत, मॅडम. आणि नोंदीत लिहायला हवं." मी म्हटलं, लिहिते. लाल चिठ्ठी तुम्ही बांधलीत तिथेच आहे, मी तिला हात लावलेला नाही. चिठ्ठ्या का काढल्या होत्या, तिथे लिहिलं: बुरशीपासून वाचवण्यासाठी धुरावर सुकवताना. दोहोंपैकी टाइप कोणता, तिथे लिहिलं: निश्चित सांगता येत नाही. हे लिहिताना तुमच्या आणि माझ्या डोक्यावरचं ओझं एकदमच उतरलं असं वाटलं. हे पत्रही पेटीत ठेवावंसं वाटलं होतं, पण पेटीत जे जाईल त्याचीही नोंद होते. तेव्हा हे माझ्याजवळच राहील.

एक जागा राहिली. चिठ्ठ्या कोणी काढल्या? तुम्ही आम्हाला बजावायचात: माहीत नसेल तर जागा कोरी सोडा, अंदाजाने भरू नका, कोरी जागा म्हणजे माहीत नाही, एवढाच तिचा अर्थ. ती मी कोरी सोडली आहे. आज मुलीचा मुंबईहून फोन आला होता. म्हणाली, "मॅडम, एवढं एकच रिकामं राहिलंय. माहीत नाही ना?"

मी म्हटलं, "नाही."

सर, मला माहीत आहे.