पहिली सुई माझी

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून आरोग्यप्रसाराला वाहून घ्यायचं. व्हीआरएस घेतल्यापासून काळाचौकीने माझा हवा तसा उपयोग करून घेतलेला नाही. मोहिमेचे विषय: हॉकी, लस आणि मानसिक आरोग्य. तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध, असं मंडळाच्या रमाकांतने विचारलं. दृष्टीच नाही माणसाला. ३० तारखेला मैदानात पुतणी स्पृहाच्या टीमची मॅच आणि शेजारीच फ्लूच्या लसीचा कॅम्प. गेटवर फ्लेक्ससुद्धा लागला. माझा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत 'पहिली सुई माझी'.

आई फ्लेक्स बघून वर आली. गेल्या वर्षी तिला न्यूमोनिया झाला होता, ऑक्सिजन लावावा लागला. यंदा लस घ्याच असं डॉक्टरांनी बजावलंय. पण म्हणाली, पयलो तू घे, मगे मी घेतंय. म्हटलं, घेणारच. फ्लेक्सवर छापलंय.

मला सुईची भीती वगैरे नाही. नुसती दिसली की हातपाय गार पडतात, एवढंच. बीपी बघायला हवं.

४ नोव्हेंबर, मंगळवार
परळच्या समुपदेशक अनुजा मॅडमबरोबर पहिली मीटिंग. स्पृहाने ठरवून दिली. मॅडमना माझ्या मार्गदर्शनाची गरज दिसते. इंजेक्शनचे फोटो दाखवून कसं वाटतंय विचारत होत्या. पोस्टरसाठी असणार. फोटो जरा लहान छापा असं सुचवलं आणि पाणी मागितलं.

९ नोव्हेंबर, रविवार
हॉकीच्या सराव सामन्यात मानसिक आरोग्याचा प्रयोग. समोरच्या टीमला पेनल्टी कॉर्नर मिळाला की आमच्या मुलींनी डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायचा. मुली नको म्हणत होत्या, मी आग्रह धरला. श्वास सोडेपर्यंत गोल झाला होता. पण चेहरे काय शांत होते! स्पृहा गोलकीपर असल्यामुळे तिचा चेहरा हेल्मेटमध्ये. नंतर म्हणाली, काका, तू नेक्स्ट टाइम प्लीज घरी बस ना यार. मनात साठलेलं बाहेर काढते आहे. हे चांगलं लक्षण आहे, असं मी कुठेतरी वाचलंय.

११ नोव्हेंबर, मंगळवार
दुसरी मीटिंग. मॅडमनी बिनसुईची सिरिंज हातात धरायला दिली. क्वालिटी चेक. रुमालात गुंडाळून धरली आणि माल चांगला असल्याचं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, छान, खूप धीराने केलंत. बाई हुशार असून नम्र आहेत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
आज मॅडमनी सांगितलं म्हणून खालच्या दवाखान्यात एका बाईंना लस टोचताना बघायचं होतं. देखरेखीसाठी गेलो. सुई बाहेर आली तेव्हा मी जमिनीवर आडवा होऊन छताची स्वच्छता तपासत होतो. नर्स वैशालीताईंनी माझे पाय वर धरले होते. ते कशासाठी, हे विचारायचं राहिलं.

संध्याकाळी आई खोकत होती. चिडून म्हटलं, कॅम्पची वाट कशाला बघतेस, उद्याच घेऊन टाक. म्हणाली, तुज्यावांगडाच घेतंय. माझ्याबरोबरच हवी म्हणे. हट्टीपणाला औषध नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
मॅडमनी शाळेचा विषय काढला. टोचायला माणसं आली तेव्हा मी बाकाखाली लपलो होतो, मास्तरांनी पाय धरून ओढलं, सगळा वर्ग हसला, हे सगळं सांगितलं. बराच वेळ बोललो. डोळ्यांत पाणी आलं, ते एसीमुळे. मॅडम लिहून घेत होत्या. पुस्तक काढत असाव्यात.

३० नोव्हेंबर, रविवार, सकाळी
आजच. चेहऱ्यावर हसू ठेवायचं. हात डावा.

३० नोव्हेंबर, संध्याकाळी
हॉकी आणि लसीचा मेळ साधावा म्हणून टीमचं गोलकीपरचं जादा किट घालून कॅम्पला गेलो. पायांना पॅड, छातीला कवच, दंडाला गार्ड, वर हेल्मेट. टाळ्या पडल्या. वैशालीताईंनी विचारलं, काका, हात कुठाय? दंडाचा गार्ड निघेना. पट्टा मीच दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला होता, असं रमाकांतचं म्हणणं. लाइन खोळंबली. मागून कोणीतरी म्हणालं, हाच घेत नाही तर आपण कशाला? दोन-तीन जण निघूनही गेले.

तेवढ्यात आई खुर्चीवरून उठली. पदर सावरून दंड पुढे केला आणि वैशालीताईंना म्हणाली, टोच गो बाय, ह्येची वाट बगीत रवलंय तर परत हॉस्पिटलात जातलंय. घेतली. लाइन हलली. गेलेले लोक परत आले.

मग ती माझ्यापाशी आली. हेल्मेटच्या जाळीतून आत बघितलं आणि कॅम्पला आलेल्या अनुजा मॅडमना म्हणाली, ह्येका आज नको. भियाता तो. आणखी थोडे दिस येवंदे तुमच्याकडे.

स्पृहाने मग सांगितलं, माझी वेळ ठरवायला तिला मॅडमकडे आईनेच पाठवलं होतं. माझी भीती जावी म्हणून महिनाभर स्वतः लस न घेता, खोकत थांबली होती. मला फार लाज वाटली. हेल्मेट काढलं नाही.

मॅच मुलींनी जिंकली म्हणे.

१ डिसेंबर, सोमवार
आईला ताप नाही. दंड दुखतोय, म्हणून भाजी मी चिरली. दुखलं का विचारलं, तर म्हणाली, मुंगी चावल्यासारख्या. फ्लेक्सवर रमाकांतने माझ्या चेहऱ्यावर आईचा फोटो चिकटवलाय. मिशी तेवढी माझी उरली आहे. बघायला गर्दी होती.

२ डिसेंबर, मंगळवार
परळला गेलो. आज कोणी ठरवून दिलं नव्हतं. रिसेप्शनवरच्या मुलीला मीटिंग आहे असं सांगायला तोंड उघडलं, आणि म्हणालो, पेशंट आहे.

ती म्हणाली, माहितेय काका. बसा.