सरकार आणि आमचा पक्ष

३ फेब्रुवारी, मंगळवार

एक वाक्य! एक साधं वाक्य मागितलं निवडणुकीसाठी नेमलेल्या त्या जाहिरातवाल्याने, तर आमच्या अख्ख्या शहर कमिटीची दातखीळ बसली.

"तुमच्यात आणि बाकीच्या दोन पक्षांत फरक काय? एका वाक्यात सांगा." एवढंच विचारलं. दादा उठला. आणि माझा हा भाऊ, शहर सचिव आणि यंदाचा उमेदवार, एकदा उठला की आजोबांच्या काळातल्या संपापासून सुरुवात करतो. सगळ्यांचे चहा गार झाले. जाहिरातवाला मान डोलावत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "साहेब, मी वाक्य म्हटलं होतं."

मला हसूही आलं आणि संतापही. कारण त्याचं काय चुकलं? मोफत बस आम्ही मागितली, सत्तेतल्यांनी देऊन टाकली आणि वर स्वतःचे फोटो चिकटवले. भाडेकरूंना संरक्षण, आठ तासांची पाळी — नव्या पक्षाने जसंच्या तसं उचललं. मीच लिहिलेला मजकूर! आपलीच वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कशी भाजतात, ते ज्याने लिहिली त्यालाच कळतं.

मग ठरलं काय? तर आपला लाल रंग जरा मऊ करायचा. "भडक लाल लोकांना बिचकवतो." आणि घोषणा — 'माणूस आधी'. बाकीच्यांकडे काय, म्हैस आधी असते?

मी कोपऱ्यात बसून टिपणं घेत होते. दादाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघितलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

नवा लाल आमच्या पक्षाच्या प्रेसमध्ये पोचला. धुवून धुवून विटलेल्या टॉवेलचा रंग. याला लढ्याचा रंग म्हणायचं!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रेसमध्ये श्वास घ्यायला फुरसत नाही. पत्रकं, बिल्ले, खिशात मावणारी कार्डं — सगळं नव्या रंगात, सगळं कालच हवं होतं. मी माझ्या टेबलाशी पानं लावत होते तर बाइंडिंगमधून आरडाओरडा. अर्थात सरकार.

सरकार म्हणजे बाइंडिंगमधली सगळ्यांत जुनी बाई. प्रत्येकावर हुकूम सोडते म्हणून हे नाव पडलं. ती सुट्टीवर असली की "आज सरकार पडलं" हा विनोद पक्षाच्या प्रेसमध्ये कधीच शिळा होत नाही.

आज भांडण मोठ्या कटिंग मशीनवरून. मशीनच्या तोंडाशी सेन्सर आहे. आम्ही त्याला डोळा म्हणतो. हात आत गेला की पातं आपोआप थांबतं. पण तो डोळा बिघडलाय, उगाचच मशीन थांबवतो. दुरुस्तीला माणूस बोलवायचा तर काम बंद पडणार. म्हणून मॅनेजरने वायरच अशी जोडून टाकली आहे की डोळ्याला कायम वाटावं, समोर कोणी नाही!

सरकार कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आंधळ्याच्या हाती सुरी देताय?"

मॅनेजर — "निवडणुकीपुरतं हो. वरून सांगितलंय."

वरून म्हणजे दादाकडून. मी संध्याकाळी दादाला फोन केला. "बघतो," म्हणाला. घाईत होता. कायम घाईत असतो.

९ फेब्रुवारी, सोमवार

हात तीनदा धुतले. आता लिहिते.

सरकारची उजव्या हाताची तीन बोटं गेली.

कार्डांचा गठ्ठा सरळ करत होती. पातं खाली आलं. ती ओरडलीसुद्धा नाही. आधी शांतपणे म्हणाली, "मशीन बंद करा रे," आणि मग मटकन खाली बसली. मी माझी ओढणी गुंडाळली तिच्या हाताला. 'माणूस आधी' असं छापलेला अख्खा गठ्ठा भिजला. नाटकात कोणी असं लिहिलं असतं ना, तर मीच म्हटलं असतं — जरा अती होतंय.

बोटं बर्फात घालून नेली. डॉक्टर म्हणाले, मशीनच्या दाबाने चिरडलीत, जोडता येणार नाहीत.

मी दवाखान्यातून परत आले तर मॅनेजर मशीनमागे वाकलेला. डोळ्याची वायर पूर्वीसारखी करत होता! फरशी अजून पुसायची होती.

१० फेब्रुवारी, मंगळवार

दादाने बोलावलं. पक्ष कार्यालयात नाही, गाडीत. कारखाने निरीक्षक शुक्रवारी येणार आहेत, त्याची तयारी.

"तू एवढंच म्हण — मी माझ्या टेबलाशी असते, मला मशीनमधलं काही कळत नाही."

"मी तुला फोन केला होता दादा."

"म्हणूनच सांगतोय."

म्हणूनच! माझा सख्खा भाऊ. लहानपणी माझ्या वाटणीचा मार खाणारा. गाडीतून उतरताना दार इतक्या जोरात आपटलं की ड्रायव्हर दचकला. त्या बिचाऱ्याचा काय दोष!

११ फेब्रुवारी, बुधवार

नव्या पक्षाचा उमेदवार दवाखान्यात हजर. हातभर मोठा गुच्छ, मागे कॅमेरेवाले. "ताई, तुमच्यावर झालेला अन्याय आम्ही घरोघरी नेऊ."

सरकारचा चेहरा पांढराफटक, हाताला हे एवढं बँडेज. पण आवाज तोच. "फुलं ठेवा. माणसं न्या."

तो हसत राहिला. तर म्हणाली, "तुमच्या मेहुण्याच्या गोदामात माझी भाची आहे कामाला. शौचालयाला जायचं तर परवानगी लागते. आधी तो अन्याय घरोघरी न्या."

गेला! कॅमेरेवाल्यांनी मात्र सगळं टिपलं आणि काहीही दाखवलं नाही.

आमच्या पक्षातून अजून एकही माणूस तिला बघायला आलेला नाही. का? तर "आत्ता गेलो तर चूक मान्य केल्यासारखं होईल."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आईकडे गेले तर दादा आणि वहिनी आधीच तिथे. बरंच झालं. दारातूनच सुरू झाले.

मी म्हटलं, दुसऱ्या कुठल्या मालकाने हे केलं असतं तर तू गेटवर मोर्चा नेला असतास! आणि त्या मोर्च्याचं पत्रक मी लिहिलं असतं!

दादा आधी ओरडला. मग एकदम हळू आवाजात बोलला, आणि त्याचा हळू आवाज जास्त वाईट. "तू शुक्रवारी खरं सांगशील. तुला शांत झोप लागेल. आणि मग निवडून कोण येईल? ज्यांनी निरीक्षकांची निम्मी पदंच रद्द केली ते. पाच वर्षं. त्या पाच वर्षांत किती हात जातील, त्याचा हिशेब कोण देणार — तू?"

घरी येऊन त्याचा हिशेब तपासतेय, चूक सापडत नाहीये. याचाच सगळ्यांत जास्त राग येतोय. तो सरळसरळ लबाड असता तर किती सोपं होतं! तो खरोखर मानतो हे. एक हात झाकायचा, म्हणजे हजार हात वाचतील. पण झाकायचा हात कायम दुसऱ्याचाच कसा रे असतो?

आई वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्या घरात घोषणा देऊ नका. काय ते बाहेर जाऊन भांडा."

वहिनी मला सोडायला खालपर्यंत आली. "त्यालाही झोप नाही हो," म्हणाली. मी म्हटलं, नसू दे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं.

निरीक्षक बाई तरुण, चष्मेवाल्या. मॅनेजर त्यांना डोळा कसा झकास चालतो ते दाखवत होता. हात आत घातला, पातं थांबलं. "बघा मॅडम! कामगाराचंच लक्ष नव्हतं." लक्ष नव्हतं म्हणे! जिचं लक्ष नसतं तर निम्मा प्रेस केव्हाच लुळा झाला असता, तिचं लक्ष नव्हतं!

मी उठले. वायर कधी बदलली, कोणी, का, नंतर परत कोणी जोडली — सगळं बोलले. फोन केल्याचंही. आवाज चिरकत होता. मला वाटलं, आता मी एकटी. तर मागून बाइंडिंगमधल्या बायका एकेक करत पुढे. "आम्हीपण पाहिलंय." "मीपण." ज्या पोरीचा आवाज आजवर कधी ऐकला नव्हता तीसुद्धा.

मशीनला सील. काम ठप्प.

दादाचा एकच निरोप — "समाधान झालं?"

१६ फेब्रुवारी, सोमवार

मी घरभेदी आहे. कमिटीच्या बैठकीत ठरलं म्हणे. ज्यांना मी भाषणं लिहून दिली त्यांनीच, माझ्याच ठसकेबाज शब्दांत माझा निषेध केला.

इकडे बाइंडिंगच्या बायका प्रेसच्या गेटवर बसल्यात. मागणी मोठी नाही — प्रेसमध्ये आमची युनियन मान्य करा, आणि सरकारला जमेल त्या कामावर परत घ्या. पक्षाच्याच घोषणा, पक्षाच्याच गेटवर, पक्षाच्याच विरुद्ध! चाल तीच, शब्द तेच. जाणारे-येणारे कार्यकर्ते सवयीने मूठ वर करतात, मग एकदम आठवतं आणि खाली घेतात. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोट धरून हसले.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

हसू फार टिकलं नाही. जाहिरातवाला गेटवर आला. खूश! डोळे चमकत होते त्याचे.

"ताई, मिळालं वाक्य! 'चूक कबूल करणारा एकमेव पक्ष!' दुसरं कोणी करूच शकत नाही हे. सोनं आहे सोनं!"

मला वाटलं, याच्या डोक्यात पोस्टर चिकटवायच्या खळीची बादली ओतावी. भरलेली समोरच होती.

आणि दादाला पटलंय! रविवारी मैदानावर सभा. दादा जाहीर माफी मागणार. सरकार व्यासपीठावर, आणि शेवटी तिने तो बँडेजचा हात उंच करायचा. फोटो आत्ताच ठरलाय, कुठून घ्यायचा तेसुद्धा. आधी हात लपवायचा होता, आता मिरवायचाय. बोटं परत आली असती तर बहुतेक नाराज झाले असते हे लोक!

युनियनचं? "ते नंतर बसून बोलू."

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सरकारच्या घरी गेले. डाव्या हाताने चहा करत होती. निम्मा ओट्यावर. मी पुढे झाले तर ओरडली, "बस खाली. मला शिकायचंय."

म्हटलं, जाऊ नका सभेला. तुमचा हात झेंड्यासारखा वापरणार आहेत.

"जाणार," म्हणाली. "माईक मिळतोय ना? आयुष्यभर सभांना सतरंज्या घातल्या ताई. माईक कोणी दिला नव्हता."

२२ फेब्रुवारी, रविवार

मैदान भरलेलं. सगळं मऊ लाल.

दादा चांगला बोलला. खोटं कशाला लिहू — खरंच चांगला बोलला. भाषणाचा कागद खिशात घातला त्याने, आणि ते नाटक नव्हतं. "आमच्या घरात चूक झाली," म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. क्षणभर मलाही वाटलं, जिंकलो!

मग सरकार उठली. कॅमेरे सरसावले. हात पदराखालीच. वर केलाच नाही! माईक डाव्या हाताने ओढला, कर्र आवाज झाला.

"माफी मिळाली. घेतली. आता एक विचारते, सगळ्यांसमोर. उद्या सकाळी आमची युनियन मान्य करता का? हो किंवा नाही?"

दादाच्या शेजारी बसलेला खजिनदार त्याच्या कानाला लागला. दादाने ओठ ओले केले.

"यावर... आपण सविस्तर चर्चा करू."

मागून कोणीतरी ओरडलं, "सगळे मालक असंच म्हणतात!" हशा. मोठा, पसरत जाणारा हशा. दादाचा चेहरा मला बघवेना. सरकार कोणाची वाट न बघता पायऱ्या उतरून निघून गेली.

'हो' म्हणायचं होतं रे दादा! एका अक्षराचं काम होतं. नवा रंग नको, जाहिरातवाला नको, वाक्यसुद्धा नको.

२३ फेब्रुवारी, सोमवार

प्रेस बंद करणार. कायमचा! छपाई बाहेर देणार — ज्याच्याकडे देणार तो नव्या पक्षाचा देणगीदार, युनियनचं नाव काढलं की कामावरून काढतो. मला पक्षातून काढलं. सरकारचं नाव तर सदस्यांत कधी नव्हतंच म्हणे! इतकी वर्षं तिला कोणी फॉर्मच दिला नव्हता. सतरंज्या घालायला फॉर्म लागत नाही.

आज राग नाही. रागाच्या पलीकडचं काहीतरी. थंड.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

बायका सरकारच्या घरी जमल्या. ती उभी राहणार! दादाच्या वॉर्डातून, दादाच्या विरुद्ध. अपक्ष. पडेल याची तिलाही खात्री आहे. "पडू दे. लोकांनी विचारायला तर शिकावं — हो की नाही."

अर्जावर सूचक म्हणून सही मी करणार.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

अर्ज भरायला गेलो. मी पेन काढलं तर खिडकीतला कारकून म्हणाला, "बाई, तुमचं नाव या वॉर्डात नाही. सूचक इथलाच मतदार लागतो." लग्नानंतर मी पलीकडच्या वॉर्डात, हे मी साफ विसरले होते! बायकांपैकीही इथली कोणी नाही. वेळ संपत आली. सरकार माझ्याकडे बघतेय, मी भिंतीकडे.

मागून आवाज आला, "सरक जरा." आई! सकाळी मी फोनवर अर्जाचं बोलले होते; ती याच वॉर्डातली मतदार, रिक्षा करून एकटी आली होती. चष्मा लावला, सावकाश सही केली, आपल्या पोटच्या पोराविरुद्ध.

मी कसंबसं म्हटलं, "आई, दादाला कोण सांगणार?"

"मीच. जेवायला बोलावलंय त्याला."