अमावस्येची पाहणी

गुरुवार, अमावस्या. लातूर.

डोक्यातून जाऊनच न्हाई राहिलं. औसा रोडच्या चौकात सिग्नल पायजे का न्हाई, हे बघायला आज महापालिकेचे साहेब आले. आजच का? अमावस्येला मोंढा, धान्याचा बाजार, बंद. ना ट्रॅक्टर, ना मालाच्या गाड्या. आमची डाळ मिल बी बंद, म्हणून तर मी टपरीवर चहा पीत होतो. भर चौकात कुत्रं झोपलेलं.

जाऊन बोललो, "साहेब, आज अमावस्या हाय. उद्या येऊन बघा."

साहेब हसले. "माहीत आहे रे. तू कुठला?"

"बिलोलीचा."

"मग लातूरच्या सिग्नलची तुला कशाला काळजी?"

काळजी रेखाची. बहीण माझी, सायकलवर त्याच चौकातून क्लासला जाते. परवा ट्रॅक्टरनं तिचं मागचं चाक चेपलं. ती थोडक्यात वाचली. आईला अजून सांगितलं न्हाई.

साहेबांनी त्या कुत्र्याचाच फोटो काढला. वर तोच दाखवून सिग्नल नको म्हणणार का? अमावस्या माहीत होती, तर मग आजच का आले? का कुणी आणलं?

रेखाला म्हणलं, उद्या मोंढा उघडतो, ट्रॅक्टर सुटतील, जाऊ नको.

"क्लास बुडतो दादा. तूच चल की सोबत."

उद्या मिलला खाडा. आधी ते कुत्रं उठवतो, मग रेखाला चौक पार करून देतो.