पाळण्यातली उशी

देवपूर, धुळे
३ फेब्रुवारी २०२५

ती. नूतनअक्कांना दिपमालाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून तुमच्या भावजयीला शाळेनंतर पहिल्यांदाच पत्र लिहावं लागतंय. चुका काढू नका.

तुमची भाची ठणठणीत आहे. नाक तुमच्या भावाचं, आणि बिचारीचं नशीब, आवाजही त्यांचाच! थंडी आहे म्हणून सासूबाईंनी पाळण्यात गोधडी घातलीय, डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी शिवलीय. पालथी घातली की गप झोपते.

बारसं तेवीस तारखेला आहे. सासूबाई म्हणतात, नूतनला यंदा राहू द्या, चुलत आत्या नाव ठेवेल. गेल्या वर्षी तुमची तान्ही मृणाली झोपेतच गेली, तेव्हापासून लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे. पण सख्खी आत्या असताना दुसरीनं का? या. लोभ आहेच, तो घेऊनच या.

तुमची,
दिपमाला

पहूर
८ फेब्रुवारी

चि. सौ. दिपमालास अनेक आशीर्वाद.

अक्षर नवऱ्यापेक्षा बरं आहे तुझं. पण मी येणार नाही. दुपारी दूध पाजून निजवलेली लेक जिची उठली नाही, तिनं पाळण्याला हात लावू नये. आई म्हणते ते बरोबरच असेल.

अगं, पण माझ्या सावलीपासून बाळीला जपताय आणि पाळण्यात उशी ठेवताय! आजच काढ. जळगावच्या डॉक्टरांनी मला बजावलंय, तान्ह्या बाळाला कायम उताणं निजवायचं, सपाट घट्ट गादीवर, आपल्याच खोलीत पण वेगळं. उशी नको, गोधडी नको, तोंडाजवळ काहीही नको. थंडी वाटली तर एखादं झबलं जास्त घाल. पाळणा फक्त नाव ठेवण्यापुरता. केलंस की लगेच कळव, माझा जीव टांगणीला आहे.

नूतन

देवपूर
१३ फेब्रुवारी

ती. अक्कांना सा. न.

पत्र आलं तेव्हाच सगळं काढलं. बाळीनं आधी रडून घर डोक्यावर घेतलं, आता उताणी निजते.

पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी उशी उसवली, मोहरी डब्यात ओतली. मग मला विचारलं, मृणालीलाही उशी मीच शिवून दिली होती, हाई मन्हामुये जायं का? आपल्यामुळेच झालं, असं त्यांनी मनाला लावून घेतलंय. तेव्हापासून त्या बाळीला घेत नाहीत, दारातूनच बघतात. बारशाला मागच्या खोलीत बसेन म्हणतात. अक्का, मला हे बघवत नाही.

दिपमाला

पहूर
१७ फेब्रुवारी

चि. सौ. दिपमालास आशीर्वाद. पुढचं आईला मोठ्यानं वाचून दाखव.

आई, तू दिपमालाला विचारलंस, तेच मी डॉक्टरांना विचारलं होतं. उशीचं विचारलं, माझंही विचारलं. ते म्हणाले, कारण सापडलं नाही. कधीकधी सगळं नीट करूनही बाळ जातं, त्यात कुणाचा दोष नसतो. उशी काढायची ती या बाळीसाठी, मागचं उकरायला नाही.

लोकांनी मला दोष दिला, तो मी घेतला. तुला घेऊ देणार नाही. आणि तुझा नाही, तर माझाही नाही.

शनिवारी येते आहे. पाळण्याची दोरी तू धरायची, नाव मी ठेवणार. दारात पाऊल टाकल्यावर बाळी तुझ्या मांडीवर दिसली नाही, तर आल्या पावली परत जाईन.

तुझी लेक,
नूतन