दुकानाचं दुसरं बारसं

सोलापूर,
सोमवार, १ डिसेंबर २०२५

ती. सौ. अक्कास,
सिद्धेश्वरीची शरणु शरणार्थी.

आधी चूक दुरुस्त करते, मग तब्येत विचारते. (अव्वानं शिकवलेला क्रम हाच. आपली चूक सांगितल्याशिवाय पाण्याच्या तांब्यालाही हात लावायचा नाही.) मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की दुकानाचा बोर्ड उतरवला. तो उतरवलेला नाही. अप्पा शिडीवर चढले, ‘भुवनेश्वरी शेंगा चटणी व कडक भाकरी’ हे एकदा सावकाश वाचलं आणि स्क्रू गंजलेत म्हणून खाली आले. (स्क्रू गंजलेले नाहीत. मी नंतर चढून पाहिलं.) मग घरातली चादर आणून तुझ्या नावावर टाकली. तेव्हा बोर्ड फक्त झाकलेला आहे, अशी नोंद घ्यावी. आता तुझी कंबर कशी आहे? सासूबाईंचा गुडघा? भावजींचा खोकला? इकडे सर्व क्षेम. फक्त सोलापुरात दुकानावर चादर टांगली तर काय होईल, याचा विचार आम्ही आधी करायला हवा होता. पहिल्याच दिवशी चार जणांनी डबलबेडचा भाव विचारला. मैंदर्गीच्या एका गृहस्थांनी तर चादर चिमटीत धरून, “रंग जातोय का ओ ताई?” असं विचारलं. जातो म्हणून मी खरं ते सांगितलं. इतकं खरं बोलणारं दुकान पहिल्यांदाच बघितलं म्हणत त्यांनी अर्धा किलो चटणी नेली.

हे सगळं कशासाठी चाललंय ते तुला अप्पांनी फोनवर सांगितलंय. पण सांगितलेलं आणि घडलेलं यात थोडा फरक आहे, म्हणून लिहिते. (फोनवर मला जमत नाही. तुमच्याकडचा फोन स्पीकरवर असतो, आणि तुझ्याआधी सासूबाईच ‘बरं बरं’ म्हणतात.) दिवाळीत सासूबाई आल्या, फराळ घेतला, आणि तुमच्या वैरागच्या बाजारात आपल्या चटणीचं रिकामं पाकीट गटारीत पडलेलं बघितलं म्हणाल्या. “आमच्या सुनेचं नाव असं गटारीत पडतंय, बरं दिसत न्हाय की!” तुमच्या सुनेचं नाव आता संस्कृती आहे आणि ते तुम्हीच ठेवलंय, हे कुणीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, पण फक्त अव्वाला ऐकू जाईल इतकंच. अप्पा हात जोडून म्हणाले, “संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रंच्या आत बदलून टाकतो.” आणि ते काम माझ्याकडे आलं, कारण घरात कागद वाचून मग सही करणारी मी एकटीच.

मी आपले कर सल्लागार सोमलिंग सर यांच्याकडे गेले. मला वाटलं होतं, एक अर्ज आणि एक पेढ्याचा पुडा. सर म्हणाले, गुमास्ता म्हणजे दुकानाचा दाखला बदलायचा, अन्न परवाना बदलायचा, जीएसटीत बदलायचं, बँकेत बदलायचं, उरलेल्या पाकिटांवर नवीन स्टिकर लावायचे, नकाशात दुकान जिथं दिसतं तिथंही बदलायचं, आणि हे सगळं झालं तरी निदान वर्षभर ‘पूर्वीचे नाव’ म्हणून जुनं खाली छापायचं, नाहीतर गिऱ्हाईक वाट चुकतं. मग त्यांनी नवीन नाव विचारलं. अप्पांनी युक्ती काढली होती की ‘संस्कृती’च ठेवू, म्हणजे व्याही खूश. सरांनी शोधून पाहिलं. त्या नावाचे एक क्लासेस निघाले, दोन ब्यूटी पार्लर, आणि शेंगा चटणीच विकणारे एक गृहस्थ, त्यांनी नाव रीतसर नोंदवून ठेवलेलं. तेव्हा अक्का, तुला जे नाव सासरी नारळासकट फुकट मिळालं, ते बाजारात शिल्लक नाही.

पुढचा प्रश्न कारणाचा. नाव का बदलायचं, ते लिहावं लागतं. मी खरं ते सांगितलं: मालकाच्या थोरल्या मुलीचं नाव लग्नात बदललं म्हणून. सरांनी चष्मा कपाळावर नेला. “असलं कारण कुटं असतंय व्हय? भागीदार वाढला लिहू? जागा बदलली लिहू?” मी म्हटलं, भागीदार नाही आणि जागाही तीच आहे. शेवटी त्यांनी ‘इतर’ निवडलं आणि म्हणाले, “ज्यांचं नाव दुकानाला हाय त्यांची ना-हरकत आणा. उद्या त्या म्हणतील, मला न विचारता माझं नाव काढलं.”

मला तिथं हसू आलं, आणि ते थांबेना. (सरांनी पाणी मागवलं.) कारण तुझ्या लग्नात मी अगदी जवळ बसले होते. ताटात तांदूळ पसरले, भावजींनी अंगठीनं त्यात नाव लिहिलं, सगळ्यांनी वाकून वाचलं, साखर वाटली, आणि सनईवाल्याचं एक गाणं संपायच्या आत भुवनेश्वरी संपली. कुणी कारण विचारलं नाही. ‘पूर्वीचे नाव’ म्हणून खाली काही छापलं नाही. तूसुद्धा वाकून वाचत होतीस, जणू दुसऱ्या कुणाचा निकाल लागलाय. बजाबाई (आपल्या भाकरी थापणाऱ्या) परवा म्हणाल्या, “पोरीपरीस चटणीला मान हाय बग. तिचं नाव इचारून तरी बदलायलेत.” अव्वा चुलीपाशी होती. त्या दिवशीच्या भाकरी कडक न होता करपल्या.

तर अप्पांचा निरोप असा की सोबतच्या ना-हरकतीच्या कागदावर सही करून लवकर पाठवावी, सासरचं मन दुखवू नये. निरोप जसाच्या तसा लिहिला आहे. सर्वांना नमस्कार.

तुझी,
सिद्धी

ता. क. पत्र बजाबाईंच्या हाती पाठवत आहे. त्यांची बहीण वैरागला असते. चटणी मुद्दाम स्टीलच्या डब्यात दिली आहे, म्हणजे तिच्यावर कुणाचंच नाव नाही. डबा अव्वाला परत हवाय.

ता. क. २. डब्याच्या तळाशी आणखी एक कागद आहे, तो हरकतीचा. सरांकडे ना-हरकतीचे तीन प्रकारचे नमुने होते, हरकतीचा एकही नव्हता. म्हणाले, कधी कुणी मागितलाच नाही. म्हणून मी स्वतः तयार केला. भाषा बरी आहे का बघ. दोन्हींपैकी कुठल्यावर सही करायची ते मी सांगणार नाही, अप्पांनीही सांगू नये. फक्त सही भुवनेश्वरी म्हणूनच कर. तुझ्या आधारकार्डावर अजून तेच आहे, आणि ती सही चालते अशी मी सरांना विचारून खात्री केली.

ता. क. ३. जाहीर नोटिशीत लिहितात, मुदतीत हरकत आली नाही तर कुणाची हरकत नाही असे समजले जाईल. तुझ्या बाबतीत मी उलटं धरलंय. तुझ्याकडून काहीच आलं नाही, तर तुझी हरकत आहे असंच मी समजेन, आणि अर्ज रद्द करा असं अप्पांना तोंडावर सांगेन. त्यांच्यासमोर माझा आवाज फुटत नाही, तुला माहीत आहे. म्हणून वाक्य रोज पाठ करते आहे. मुदत: सोमवार, ८ डिसेंबर, दुकान उघडायच्या आधी.