शून्य आलं की हात घालायचा

सोमवार
आलो एकदाचा! आजपासून मी मामाच्या दुरुस्तीच्या दुकानात कारागीर. मागच्या खोलीत लांब टेबल, वर ट्यूबलाइट, खिडकीतून समोरच्या इस्त्रीवाल्याची पाठ. मस्त! फक्त आधीच्या कारागिराचा पसारा बघून हसावं की रडावं कळेना. त्याला सगळे पकड्या म्हणायचे, कारण पकड कायम खिशात. वीज मोजायच्या मल्टिमीटरच्या वायरीसुद्धा घरीच केलेल्या: टोकांना खिळे, वर सायकलची ट्यूब गुंडाळलेली. शी! हा गडी याच टेबलाशी शॉक लागून गेला, यात नवल ते काय? मामाने बजावलं, त्या वायरी भिंतीवरून काढायच्या नाहीत. बरं बाबा.

मंगळवार
काढल्या. घाणेरडी टोकं छाटून टाकली. पण वायर अव्वल, लोण्यासारखी मऊ. ती कोण फेकणार? रिकाम्या बॉलपेनांत जाड सुया बसवल्या, कथलाचा डाग दिला, दुसऱ्या टोकांना मीटरच्या पिना. याला म्हणतात हात! लाल वायर मधे एका जागी चिमटीत पोकळ लागते. लागू दे. सुईला सुई लावली तर मीटर पीं वाजला, म्हणजे झालं.

बुधवार
काम अगदीच पोरकट. प्लग काढला तरी अ‍ॅम्प्लिफायरच्या आत वीज साठून राहते. वायरी लावायच्या, मीटरवर शून्य आलं की हात घालायचा. मामाचं टुमणं वेगळंच: दर वेळी आधी चालू सॉकेट मोजून बघ, कारण वायरच आतून तुटली असेल तरी शून्यच दिसतं. पकड्याने म्हणे त्या दिवशी तेवढंच केलं नाही. सॉकेटला काय रोज मुजरा करायचा? म्हातारा नुसता डोकं खातो.

गुरुवार
मीटर आपोआप वाजतोय. सुया लांब लांब पडलेल्या, तरी पीं पीं. म्हणजे मीटरही भंगारच. नवा घ्यायचं मामाच्या जिवावर येणार.

शुक्रवार
सेल काढला. तरी वाजला. उघड्या अ‍ॅम्प्लिफायरकडे हात नेला की वाजतो, मागे घेतला की गप्प. मामाने ऐकलं, लाल वायर ओळखली आणि दारापर्यंत मागे सरकला. म्हणाला, हीच होती त्याच्या हातात, अरे तो तुला अडवतोय. मला हसूच आलं. ज्याला स्वतःचा जीव वाचवता आला नाही, तो मला शिकवणार! हसलो खरा, पण जेवण गेलं नाही.

शनिवार
मीटर उघडून आतला पीं वाजवणारा बझर कापला. कापलेला बझर टेबलावर पडून वाजतोय —
लाल वायर मनगटाला गुंडाळली गेली. मी नाही गुंडाळली. मागे ओढत होती, टेबलापासून लांब. कशीबशी सोडवली. वळ उठलाय.

रविवार
दुकान बंद, तरी मुद्दाम आलो. मामा दारात. आत यायची छाती नाही. सॉकेट मोज म्हणतो, हात जोडतो, चक्क रडतोय. नाही मोजणार! एका मेलेल्या बावळटाला घाबरून मी —
अ‍ॅम्प्लिफायर लावून बघितला. मग प्लग काढला.
वायरी लावल्या. पीं पीं पीं —
थांबला. एकदम. हरला लेकाचा!
मीटरवर शून्य. मामा ओरडतोय. ओरडू दे. डावा हात आत घालतो आणि उजव्याने इथंच लिहितो, की पकड्या, बघ, मला काही