चादरीचे कोपरे

३ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

वयस्क रुग्णांच्या सेवेचं हे वरचं शिक्षण घेताना पदोपदी तुझी आठवण येते. लहानपणी तुझ्याकडे राहायला आले की तू चादरीचे कोपरे वॉर्डातल्यासारखे गादीखाली घट्ट दाबायचीस. पाकिटात घातल्यासारखी मी पडून राहायचे, पण झोप काय गाढ लागायची. तशी झोप पुन्हा नाही लागली. काल वर्गात बाई म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसांची चादर पायथ्याशी सैल हवी, उठताना पाय अडकतो. मला उगीच फितूर झाल्यासारखं वाटलं.

तुझी तब्येत कशी आहे?

तुझी ठकू


२० ऑगस्ट

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

आमच्या वेळी मोठे डॉक्टर फेरीला आले की आधी माझे पलंग बघायचे, मग पेशंट. सैल चादर म्हणजे आळशी सिस्टर. तुझ्या बाईंना सांग हे.

मी ठणठणीत आहे. गुडघा सुजलाय, टेबल लागलं. कोपर खरचटलं, दार लागलं. हल्ली सामानच अंगावर येतं. शेजारीण काहीबाही कळवेल, लक्ष देऊ नकोस. शिक्षण अर्धवट टाकून आलीस तर दार उघडणार नाही.

तुझी आत्या


१ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न.

शेजारच्या काकूंनी कळवलं. दोनदा पडलीस, दोन्ही वेळा पलंगाशी. बिचाऱ्या टेबलावर कशाला आळ घेतेस? त्यांचं पत्र वाचून मला रडू आलं. बॅग भरून ठेवली आहे, परीक्षा पुढच्या वर्षीही देता येईल. मी यायला नको असेल, तर पायथ्याचे कोपरे सोड. आणि काकूंसमोर सोड, तुझ्या एकटीच्या शब्दावर माझा विश्वास नाही.

रागावलीस तरी माया असू दे.

तुझी ठकू


१० सप्टेंबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

बॅग रिकामी कर. कोपरे सोडले. शेजारीण कमरेवर हात ठेवून साक्षीला उभी होती. पलंगाकडे बघवत नाही. पहिल्या रात्री तर डोळ्याला डोळा लागला नाही. पाय मोकळे आणि जिवाला चैन नाही. मग मनात आलं, इतकी वर्षं मी हा पलंग फेरीसाठी लावत होते, आणि फेरीला तर कुणीच येत नाही.

परीक्षा नीट दे आणि मग फेरीला ये. माझी चादर सैलच दिसेल. शेजारचा पलंग तुझ्यासाठी लावते आहे. त्याचे कोपरे मात्र मी दाबणार. तू अजून म्हातारी झालेली नाहीस.

लोभ आहे तो असाच राहू दे.

तुझी आत्या